रकून आणि भोपळ्याची शेवटची वडी

टॉबिन केटोला तिसरीत माझ्या वर्गात होता. त्याच्या दप्तरात नेहमी एक अर्धं सफरचंद, तलावाकाठचे दगड, शाई संपलेली पेनं आणि कुणाचा तरी एकच हातमोजा असायचा. "यातलं टाकून देऊ या का काही?" असं विचारलं की त्याचे डोळे भरून यायचे. "लागेल बाई, कधीतरी लागेल," म्हणायचा.

आता तो मोठा झाला आहे, लग्न झालेला आहे, आणि कुणालाच न लागणाऱ्या गोष्टी शोधून फेकून देणारा प्रोग्रॅम लिहितो. शाळेतून निवृत्त झाल्यावर मीही त्याच ऑफिसात कामाला लागले. त्याचा प्रोग्रॅम बरोबर चालतो का ते तपासायचं, हे माझं काम. आमची मुख्य मार्लिस ओडेगार्ड हिने मला घेताना म्हटलं होतं, "व्हर्ना, 'गृहपाठ केलाय पण वही घरी राहिली' हे तू इतकी वर्षं ऐकत आलीस. प्रोग्रॅमरांचं बोलणं तपासायला याहून वेगळं शिक्षण लागत नाही."

आमच्या कंपनीचं नाव पाइनशेल्फ. इकडे ड्युलुथ शहराच्या उत्तरेला शिकारी लोक जंगलात झाडांना कॅमेरे बांधतात. समोर काही हललं की कॅमेरा आपोआप फोटो काढतो आणि आमच्याकडे पाठवतो. हलावं हरणाने अशी अपेक्षा असते, पण हलतं बहुतेक गवत. इकडे वाऱ्याला तोटा नाही, त्यामुळे हलणाऱ्या गवताचे जगातले सर्वांत जास्त फोटो आमच्याकडेच असावेत असा माझा अंदाज आहे.

शिकारी घरी बसून फोटो बघतो, कंटाळतो आणि खोडून टाकतो. त्याला वाटतं फोटो गेला. खरं तर फक्त फोटोचं नाव जातं. ग्रंथालयात पुस्तकाचं कार्ड फाडलं तरी पुस्तक फडताळात बसलेलंच असतं ना, तसंच. त्यातून आमचं फडताळ एका जागी नाही. प्रत्येक फोटोचे तुकडे करून ते तीन गावांतल्या तीन मशीनांवर ठेवतात: ड्युलुथ, हिबिंग आणि बेमिजी. एका तळघरात पाणी शिरलं तर बाकीची दोन असावीत म्हणून.

ही मागे राहिलेली अडगळ काढायला टॉबिनने जो प्रोग्रॅम लिहिला, त्याचं नाव त्याने रकून ठेवलं. रकून म्हणजे मांजराहून थोडा मोठा, पट्टेदार शेपटीचा इकडचा प्राणी; तो पहाटे अंगणातले कचऱ्याचे डबे उपसतो, त्यावरून. टॉबिनचा रकून तिन्ही मशीनांकडे जातो आणि प्रत्येक तुकड्याबद्दल दोन प्रश्न विचारतो. एखाद्या फोटोचं नाव अजून या तुकड्याकडे बोट दाखवतंय का? आणि एवढ्यात कुणी याला हात लावलाय का? दुसरा प्रश्न अशासाठी की एखादा माणूस नेमका त्याच वेळी तो फोटो बघत असेल, तर वाचणाऱ्याच्या हातातून पुस्तक ओढून घेतल्यासारखं होईल. तिन्हींकडून "नाही" आलं तरच रकून तुकडा फेकतो. एखादं मशीन गप्प बसलं, तर "असेल बुवा त्याला हवा" असं समजून तो आल्या पावली परततो. वागायला अगदी इकडच्या माणसांसारखा.

ही गोष्ट नोव्हेंबरातल्या त्या आठवड्याची, ज्याच्या शनिवारी हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या शनिवारी आमच्या भागात लग्न कुणी ठरवत नाही, आणि कुणी मरण पावलं तर त्याने जरा चुकीची वेळ निवडली असं लोक हळू आवाजात म्हणतात.

बुधवारी सकाळी टॉबिन माझ्या टेबलाशी आला आणि खुर्ची ओढून बसला.

"बाई, एक सांगू? कुणाला बोलू नका."

"सगळ्या ऑफिसला ठाऊक आहे ते का?"

"ऑर्विलनी मला कॅम्पवर बोलावलंय."

ऑर्विल स्कोग हे त्याचे सासरे. जंगलात त्यांची एक लाकडी खोपटी आहे, तिला ते कॅम्प म्हणतात. आत चार बाकं झोपायला, एक शेगडी, आणि वर्षानुवर्षं तेच चार म्हातारे. टॉबिनचं ब्रिताशी लग्न झाल्यापासून दर वर्षी ऑर्विल म्हणायचे, "बघू, जागा झाली कधी तर." यंदा त्यांचा मित्र क्लॅरन्स याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि जागा झाली.

"काय म्हणाले नेमकं?" मी विचारलं.

"म्हणाले, बाक रिकामं राहून त्यात उंदीर झोपण्यापेक्षा तू झोपलेला बरा."

"अरे वा. मग हे तर लाडाने बोलावणं झालं."

"तेच ना. ब्रिता म्हणाली, त्यांनी तिच्या आईला मागणीसुद्धा इतक्या गोड शब्दांत घातली नव्हती." मग त्याचा चेहरा पडला. "शुक्रवारी दुपारी निघायचंय. आणि आत्ताच मार्लिसकडून आलो."

"ती नाही म्हणाली?"

"नाही कुठे म्हणतेय. म्हणाली, टॉबिन, तू अगदी जरूर जा, मला फार आनंद होईल, फक्त रकून पास झालेला असू दे."

इकडे जन्मलेल्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. मोसमाच्या पहिल्या शनिवार-रविवारी हजारो कॅमेऱ्यांतून फोटो लोटणार, आणि आमची तिन्ही मशीनं काठोकाठ भरत आली होती. रकून विश्वासाचा ठरला तर तो जागा करून देईल. नाही ठरला, तर रकूनच्या बापाने इथे बसून हाताने अडगळ काढायची, आणि बाकावर उंदीर झोपणार. शिवाय ऑर्विल पुन्हा विचारतील अशी आशा कुणालाच नव्हती. एकदा "जमत नाही" म्हणणाऱ्या माणसाला ते आयुष्यभर त्रास देत नसत.

"काळजी करू नकोस," मी म्हटलं. "मी आत्ताच घेते परीक्षा."

परीक्षा सोपी होती. हलणाऱ्या गवताचा एक फोटो मी नेहमी वापरते, तो तिन्ही मशीनांवर ठेवायचा. मग खोडायचा. मग माझा छोटा तपासणी-प्रोग्रॅम दर मिनिटाला तिन्ही मशीनांना विचारणार, "तो फोटो आहे का रे तुझ्याकडे?" परीक्षेपुरतं "एवढ्यात" म्हणजे दहा मिनिटं, असं आम्ही ठरवलं होतं. तेव्हा दहा मिनिटं उलटली की रकूनने येऊन तुकडे उचलावेत आणि तिन्ही मशीनांनी "नाही" म्हणावं.

मशीनं म्हणाली, "आहे."

मी चहा करून आणला. "आहे." दुपारचं जेवण झालं. "आहे." संध्याकाळी पार्किंगमधल्या गाड्यांवर बर्फाची पिठी धरली, तरी तिन्ही गावांतून तेच उत्तर.

"बाई, माझ्याकडे चालतं," टॉबिन म्हणाला.

"तुझ्याकडे म्हणजे कुठे?"

"मी सकाळी स्वतः करून बघितलं. फोटो ठेवला, खोडला, जेवायला गेलो. परत आलो तर गेलेला."

"मग माझ्याकडे का जात नाही?"

"घाबरत असेल तुम्हाला. मी पण घाबरायचो."

आम्ही त्याच्या पद्धतीने करून पाहिलं. माझी तपासणी बंद ठेवली, खाली जाऊन कॉफी घेतली, परत आलो. फोटो तिन्हीकडून गेला होता. माझी तपासणी चालू करून तेच केलं, तर फोटो जागचा हलेना. पुन्हा बंद केली, गेला. पुन्हा चालू, आहे तिथेच. एवढ्यात मार्लिस येऊन आमच्या मागे उभी राहिली होती.

"म्हणजे व्हर्ना बघत असली की हा काम करत नाही," ती म्हणाली.

"वर्गात याच्या उलट असायचं," मी म्हटलं.

"मग बाई, नाहीच बघितलं तर?" टॉबिनने हळूच सुचवलं. "म्हणजे असं, की चालतंय हे आपल्याला माहीत आहे, तर न बघताच पास करून टाकू."

मी चष्मा काढून त्याच्याकडे पाहिलं. चष्मा काढला की मला काही दिसत नाही, पण याचा उपयोग होतो.

"बरं, बरं," तो म्हणाला. "विचारून बघितलं फक्त."

गुरुवारी सकाळी टॉबिन डोळे लाल करून आला. रकूनची ओळ न् ओळ वाचून झाली होती, चूक सापडली नव्हती. मार्लिस दाराशी येऊन गोड आवाजात म्हणाली, "कसं चाललंय? मी आपली सहज विचारतेय हं." ती गेल्यावर टॉबिनने कपाळ टेबलावर टेकवलं.

त्या आठवड्यात स्वयंपाकघराची पाळी माझ्याकडे होती. आमच्या ऑफिसातल्या फ्रीजमध्ये आणि ओट्यावर काय काय बेवारशी पडलेलं असतं ते मी इथे लिहीत नाही, वाचणारा कदाचित जेवायला बसलेला असेल. मी तिथे एक साधा नियम लावला होता. प्रत्येक झाकणावर कागदी चिकटपट्टीचा एक तुकडा लावायचा. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पट्टी फाटली नाही, म्हणजे कुणी हात लावला नाही. मग ते टाकायचं. फाटली असेल तर कुणीतरी खातंय; राहू द्यायचं आणि नवी पट्टी लावायची.

ओट्यावर मार्लिसने सोमवारी घरून आणलेला लाल भोपळ्याच्या वड्यांचा ट्रे होता, वर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल. वड्या तिच्या चांगल्याच होतात, सोमवारीच संपत आल्या होत्या. पण आमच्याकडे शेवटची वडी कुणी खात नाही. ते अडाणीपणाचं समजतात. शेवटची उरली की येणारा माणूस तिचे सुरीने दोन भाग करतो आणि अर्धी घेतो. पुढचा त्या अर्धीतली अर्धी घेतो. बुधवारपर्यंत ट्रेमध्ये माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा उरला होता आणि शेजारी पूर्ण लांबीची सुरी.

गुरुवारी तो तुकडा दगडासारखा झाला होता. ट्रे आज नक्की धुवायला जाणार म्हणून मी बघायला गेले, तर पट्टी फाटलेली. मी नवी लावली आणि कॉफी गाळायला वळले. तेवढ्यात हिशेब विभागातला एक मुलगा आला, त्याने फॉइलचा कोपरा उचलला, आत डोकावला आणि परत दाबून ठेवला.

"खायचीय का?" मी विचारलं.

"छे छे. अजून आहे का ते बघितलं."

तो गेला. मी पुन्हा पट्टी लावली. मार्लिस आली. तिने फॉइल उचलली. "अगंबाई, अजून आहेच का," असं स्वतःशी म्हणून ठेवून दिली. ती वळते न वळते तोच आणखी एक जण.

मी हातातली कॉफी खाली ठेवली. तो तुकडा कुणी खात नव्हतं. कुणाला नकोच होता. पण तो गेला का हे बघायला प्रत्येक जण फॉइल उचलत होता, आणि बघण्यामुळे पट्टी फाटत होती, आणि पट्टी फाटल्यामुळे तो जात नव्हता. अशाने तो तुकडा आम्हा सगळ्यांच्या निवृत्तीनंतरही तिथेच राहिला असता.

मी टॉबिनला हाक मारून तिथेच बोलावलं.

"मला एक सांग. माझा प्रोग्रॅम मशीनला विचारतो, 'फोटो आहे का?' तेव्हा मशीन काय करतं?"

"सांगतं, आहे म्हणून."

"सांगण्याआधी?"

"तुकडा उघडून बघतं, धड आहे ना. मगच आहे म्हणतं." त्याला जरा अभिमान वाटला. "तुम्हीच शिकवलंय बाई. दप्तर उघडून बघितल्याशिवाय 'वही आणलीय' म्हणायचं नाही."

"शिकवलंय खरं. आता ही फॉइल उचल."

त्याने उचलली. चर्रकन पट्टी फाटली.

टॉबिनने फाटलेल्या पट्टीकडे पाहिलं, वडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. तिसरीत भागाकार समजला तेव्हा त्याचं तोंड असंच उघडं राहिलं होतं.

"दर मिनिटाला," तो म्हणाला. "आपण दर मिनिटाला हात लावतोय त्याला."

"आणि दहा मिनिटं कुणी हात लावू नये म्हणून वाट बघतोय."

तो धावत टेबलाशी गेला. मी मात्र आधी फॉइल काढून टाकली आणि ट्रेवर पारदर्शक प्लॅस्टिक ताणून बसवून त्यावर नवी पट्टी लावली. आता ज्याला बघायचंय त्याने खुशाल बघावं.

संध्याकाळच्या आत टॉबिनने दुरुस्ती केली. बघणं म्हणजे हात लावणं नव्हे, असं त्याने रकूनला शिकवलं. मी परीक्षा लावली. आहे, आहे, आहे... आणि दहा मिनिटांनी ड्युलुथ म्हणालं नाही, हिबिंग म्हणालं नाही, आणि बेमिजीने थोडा वेळ घेऊन, पण शेवटी, नाही म्हटलं. टॉबिनने उठून खुर्चीभोवती एक चक्कर मारली. आमच्या भागात याला नाचणं म्हणतात.

"छानच," मार्लिस म्हणाली. "आता उरलेली अर्धी परीक्षा उद्या सकाळी, हो ना?"

टॉबिन थांबला. "कुठली अर्धी?"

"जायला हवं ते जातंय," मी म्हटलं. "राहायला हवं ते राहतंय का, ते कुठे बघितलं?"

त्याला मी त्याच्याच वर्गाची आठवण करून दिली. एकदा मी मुलांना सांगितलं होतं, वर्गातलं जे कुणी वापरत नाही ते बाहेर काढा. मुलांनी फार मन लावून काम केलं. आम्ही वर्गात पाळलेला हॅमस्टर, म्हणजे एक गुबगुबीत उंदीर, दुपारी झोपलेला होता, म्हणून त्याचं पळायचं चाक कुणी वापरत नाही असं ठरवून तेही कचऱ्यात टाकलं.

"मी नव्हतं टाकलं," टॉबिन म्हणाला.

"नाही, तू ते परत दप्तरात भरलं होतंस."

शुक्रवारी ऑर्विल स्कोग ठरल्या वेळेच्या बरेच आधी आले, म्हणजे इकडच्या मानाने वेळेवर. अंगात दूरवरून दिसणारं नारिंगी जाकीट, डोक्यावर नारिंगी टोपी. मार्लिसने त्यांना कॉफी दिली आणि आमच्याच खोलीत बसवलं. माणूस आडवा-उभा सारखाच, आणि शब्दांच्या बाबतीत फार काटकसरी.

"झालं?" त्यांनी जावयाला विचारलं.

"होतच आलंय."

"गाडी चालू ठेवलीय."

मी परीक्षा लावली. यावेळी दोन खोटे शिकारी होते, म्हणजे माझेच दोन छोटे प्रोग्रॅम. एक जण गवताचा फोटो उघडून बघत बसला. दुसऱ्याने तेवढ्यात तो खोडला. नाव गेलं तरी पहिला अजून बघतोय, तेव्हा रकूनने तुकड्यांना शिवता कामा नये.

दहा मिनिटं झाली आणि रकूनने पहिल्याच्या डोळ्यांसमोरून फोटो उचलून नेला.

ऑर्विलनी कॉफीचा घोट घेतला.

"काय झालं?"

टॉबिनने कसंबसं सांगितलं, एका माणसाचं बघून व्हायच्या आत फोटो कचऱ्यात गेला म्हणून.

"ब्रिताची आई असंच करते," ऑर्विल म्हणाले. "माझ्या ताटाचं."

टॉबिनने डोकं धरलं. चूक त्याला लगेच दिसली होती. काल त्याने शिकवलं होतं, बघणं म्हणजे हात लावणं नव्हे. मी बघितलेलं मोजू नये हे बरोबर. पण शिकारीसुद्धा फोटोचं दुसरं काय करतो? बघतोच.

"आता तुमचं बघणं वेगळं आणि त्यांचं बघणं वेगळं हे मशीनला कसं कळणार?" तो म्हणाला. "बघणं ते बघणं."

"मुख्याध्यापक वर्गात येऊन मागच्या बाकावर बसायचे, आठवतंय?" मी विचारलं. "मी हजेरी घेताना त्यांचं नाव घ्यायचे का?"

"नाही."

"का नाही? बसले तर होते बाकावर."

"ते शिकायला नव्हते आलेले. तपासायला..." तो बोलता बोलता थांबला. "तुमच्या प्रश्नावर बिल्ला लावतो. बिल्ला असेल तर हजेरी नाही. नसेल तर हजेरी."

ऑर्विल त्याच्या पाठीकडे बघत राहिले. टॉबिन टाइप करत होता. बाहेर पार्किंगमध्ये चालू ठेवलेल्या गाडीतून धूर निघत होता. माझे खोटे शिकारी पुन्हा कामाला लागले, आणि या खेपेला फोटो बघणाऱ्यासमोर टिकून राहिला. बघणं थांबवल्यावर गेला. मी मार्लिसकडे पाहिलं.

"फारच छान," मार्लिस म्हणाली. "फक्त मला आपलं वाटतं, एकदा खऱ्या माणसाने, खऱ्या फोनवर बघितलं असतं तर..."

टॉबिनने घड्याळाकडे बघितलं नाही. न बघण्यासाठी त्याला बरेच कष्ट पडले.

"काय करायचं असतं त्यात?" ऑर्विलनी विचारलं.

"काही नाही. गवताच्या एका फोटोकडे बघत बसायचं. दहा मिनिटांहून जास्त. फोन बंद पडू द्यायचा नाही."

ऑर्विलनी हात पुढे केला. "द्या इकडे. मी एकाच झाडाकडे अख्खी सकाळ बघत बसलेला माणूस आहे."

त्यांच्यासारखा तपासनीस मला पुन्हा मिळाला नाही. फोन गुडघ्यावर धरला आणि माणूस दगड झाला. पापणीसुद्धा हलेना. मी इकडे फोटो खोडला. रकून आला, तिन्ही मशीनांना विचारलं, तिन्ही म्हणाली कुणीतरी बघतंय, आणि तो परत गेला. पुन्हा आला, पुन्हा गेला. दहा मिनिटं होऊन वर काही मिनिटं गेली. फोटो जागेवर.

"झालं," टॉबिन म्हणाला. "ऑर्विल, आता फोन खाली ठेवा. तुम्ही सोडल्यावर फोटो गेला की संपलं."

ऑर्विल हलले नाहीत.

"इथे हरीण आहे," ते म्हणाले.

"नाही, ते गवत आहे," मी म्हटलं. "मी वर्षभर वापरतेय तो फोटो."

"बाई, हे कानाचं टोक. हे दुसरं. आणि ही फांदी नाही, शिंग आहे."

आम्ही सगळे त्यांच्या खांद्यावरून वाकलो. त्यांनी जाड बोटाने दाखवलं आणि मग ते दिसलं. वर्षभर मी ज्याला अडगळ म्हणून ठेवत आणि फेकत आले होते, त्या गवतात एक मोठा नर शांतपणे आमच्याकडे बघत उभा होता.

"कुठली जागा ही?" ऑर्विलनी विचारलं.

"ठाऊक नाही," मी म्हटलं. "परीक्षेसाठी वापरा म्हणून एका गिऱ्हाइकाने मागेच देऊन टाकला. त्याच्या दृष्टीने गवतच ते."

"मग थांबा जरा. तो ओढा बघितल्यासारखा वाटतोय."

ते बघत राहिले, आणि ते बघत होते तोवर फोटो जाणार नव्हता. फोटो गेल्याशिवाय परीक्षा पुरी होणार नव्हती, आणि परीक्षा पुरी झाल्याशिवाय मार्लिस मान हलवणार नव्हती. रकून येत होता आणि जात होता. मी टॉबिनकडे पाहिलं. मार्लिसनेही. तिसरीतला टॉबिन असता तर त्याने काय केलं असतं मला ठाऊक होतं. फोटो दप्तरात घालून घरी नेला असता.

टॉबिन सासऱ्यांच्या समोर जाऊन उकिडवा बसला.

"ऑर्विल, खाली ठेवा."

"कान आहेत, टॉबिन."

"आहेत. पण मालकाने दिला तो परीक्षेसाठी, शिकारीसाठी नाही. तो ओढा त्याचा आहे. आपण सोडायचा."

ऑर्विलनी जावयाकडे पाहिलं. दोन हरणांमधल्या कुठल्यावर नेम धरावा असा विचार करावा तसं. मग त्यांनी फोन बंद केला आणि उलटा करून टेबलावर ठेवला.

"दुसऱ्याच्या जमिनीतलं हरीण," ते म्हणाले. "बरोबर आहे."

दहा मिनिटांनी ड्युलुथ नाही म्हणालं. हिबिंग नाही म्हणालं. बेमिजीची आम्ही सगळ्यांनी श्वास रोखून वाट पाहिली, आणि बेमिजीही नाही म्हणालं.

"टॉबिन," मार्लिस म्हणाली, "तू अजून इथे काय करतोयस?"

ते दोघे गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले. प्लॅस्टिकवरची पट्टी शाबूत होती. कालपासून सगळ्यांनी आत बघितलं होतं, हात कुणी लावला नव्हता. मी नखाएवढा तुकडा कचऱ्यात टाकला, ट्रे धुतला आणि मार्लिसच्या टेबलावर नेऊन ठेवला. तिने तो उलटासुलटा करून बघितला. त्याचा तळ कसा दिसतो ते ती विसरली असावी.

शनिवारी-रविवारी फोटोंचा लोंढा आला. रकून न थकता जागा करत राहिला आणि कुणाचा एकही फोटो चुकून गेला नाही.

सोमवारी टॉबिन माझ्या टेबलाशी येऊन बसला. हरीण मिळालं नव्हतं. कुणालाच नाही. पण तो काहीतरी वेगळंच मनात धरून आला होता.

"बाई, काल सकाळी शेवटची न्याहारी होती. तव्यात एक सॉसेज उरलं. आम्ही चौघं. कुणी हात लावेना. ऑर्विलनी सुरी शोधायला सुरुवात केली."

"मग?"

"मी तिघांना एकेक करून विचारलं. तुम्हाला हवंय का? नको. तुम्हाला? नको. ऑर्विल, तुम्हाला? तेही नको म्हणाले. तिन्हींकडून नाही आलं." त्याने आवाज खाली आणला. "म्हणून मी खाल्लं."

"अख्खं?"

"अख्खं. तिघंही रिकाम्या तव्याकडे बघत राहिले. शेगडीतलं लाकूड तडतडत होतं. मग ऑर्विल म्हणाले, क्लॅरन्सचा खुबा काही लवकर बरा होत नाही. मग बाहेर जाऊन गाडीवरचं बर्फ काढून आले. आणि मग म्हणाले, पुढच्या वर्षी तवा धुवायचं काम तुझं." तो पुढे झुकला. "बाई, याचा अर्थ काय? राग आलाय की बोलावलंय? आज फोन करून विचारू का? नाहीतर ब्रिताला सांगून बघू, तिने आईला विचारलं आणि आईने..."

"टॉबिन."

"काय?"

"बोलावलंय. आता फॉइल उचलून बघू नकोस."